नाव नसलेला आफ्रिकन

नाशिकजवळ एकलहऱ्याच्या वीज केंद्रात वाल्मीक पगारे पाणी तपासायचा. बॉयलरच्या पाण्यात क्षार किती, ते दिवसातून तीनदा वहीत लिहायचा. घरी, कॉलनीतल्या क्वार्टरमध्ये, माशांच्या टाकीचं पाणीही तो तपासायचा. त्याची वही वेगळी होती.

१९८३च्या दिवाळीत त्याने मुंबईहून दोन निळे मासे आणले. दुकानदार म्हणाला, "आफ्रिकन आहेत." आफ्रिका मोठी आहे, म्हणून वाल्मीकने जातीचं नाव विचारलं. दुकानदाराने पिशवीला गाठ मारली.

माशांच्या अंगावर सहा काळे पट्टे होते आणि पाठीवरच्या पराला पिवळी किनार. वाचनालयातल्या पुस्तकात पाच पट्ट्यांचे मासे होते, सात पट्ट्यांचेही होते. असा एकही नव्हता.

"नवीन जात निघाली तर नाव द्यावं लागेल," तो बायकोला म्हणाला. "शास्त्रज्ञ लोक बायकोचंही देतात."

सिंधू शाळेत शिकवायची. "माझं नाव हजेरीपटावर आहे तेवढं पुरे," ती म्हणाली. पण त्या दिवसापासून टाकीची काच ती स्वतः पुसू लागली.

वाल्मीकने मुंबईच्या एका मत्स्यशास्त्राच्या प्राध्यापकांना सविस्तर पत्र लिहिलं. उत्तर दोन ओळींचं आलं: जिवंत माशाच्या वर्णनावरून काही सांगता येत नाही. मेलेला नमुना फॉर्मॅलिनमध्ये पाठवावा.

वाल्मीकने बाटली आणली, तिच्यावर चिठ्ठी चिकटवली आणि वाट पाहू लागला. मासे मरेनात. पाणी फारच चांगलं होतं.

नाशिकरोडला माशांचं दुकान असलेला भिकन अधूनमधून बघायला यायचा. "वाल्मीकराव, एक मारा ना. दुसरा आहेच."

"मी दिसलो की काचेपाशी येतात. कसं मारू?"

आठ महिन्यांनी दोघांतल्या लहान माशाने खाणं सोडलं. त्याचा जबडा सुजला. वाल्मीकने बाटली कपाटातून काढून टेबलावर ठेवली, आणि तिच्याकडे बघवेना म्हणून परत कपाटात ठेवली. ड्युटीवरून आला की तो टाकीसमोर बसून राही. दोन आठवडे असे गेले.

एका रविवारी काच पुसता पुसता सिंधू थांबली. "अहो, याच्या तोंडात डोळे आहेत."

"कोणाचे?"

"ते नाही सांगता येत. पण पुष्कळ आहेत."

चार दिवसांनी त्या माशाने, म्हणजे मादीने, तोंडातच उबवलेली सतरा पिल्लं बाहेर सोडली आणि खायला मागितलं.

पिल्लं वाढली तशी तीन तऱ्हांची निघाली. काही आईबापांसारखी निळी, काही पिवळट, काहींना पट्टेच नाहीत. त्यातलं एक मेलं, तेव्हा वाल्मीकने ते बाटलीतून मुंबईला पाठवलं. सोबत बाकीच्या सोळांचं वर्णन. यावेळी उत्तर पानभर आलं. आईबाप हे बहुधा दोन जातींचे संकर असावेत. शास्त्रीय नाव देता येणार नाही. हौशी मंडळींत घोटाळा होतो, तरी पिल्लं कोणाला वाटू नयेत.

वाल्मीकने पत्र सिंधूला वाचून दाखवलं. मग बराच वेळ घडी घालत बसला.

"रडता का?" तिने विचारलं.

"नाही. तुझं नाव राहिलं."

"राहू द्या. पोरं तर छान आहेत."

भिकन मात्र खूश झाला. "पुस्तकात नाही ना? मग नाव मी ठेवतो. 'रॉयल झांबेझी.' आठवड्यात संपतील."

"झांबेझी आफ्रिकेतली नदी आहे. हे तिथले कशावरून?"

"गिऱ्हाईक कुठे तिथलं आहे?"

वाल्मीकने एकही दिला नाही. आणखी एक टाकी बनवून घेतली आणि तिच्यावर चिठ्ठी लावली: 'संकर. मूळ माहीत नाही.' पाहुणे चिठ्ठी वाचून दुसरीकडे बघत, कोणाच्या घरची गोष्ट चुकून कानावर पडल्यासारखे.

पुढच्या हिवाळ्यात प्राध्यापक कामानिमित्त नाशिकला आले, ते मुद्दाम मासे बघायला घरी आले. चहा निवला तरी टाकीसमोरून हलले नाहीत.

"सुंदर आहेत हो," ते म्हणाले. "एखादी जोडी मिळेल?"

"वाटू नयेत असं आपणच लिहिलंय, सर."

प्राध्यापकांनी मान हलवली आणि चष्मा पुसला. सिंधूने चहा पुन्हा गरम करून आणला.