कितीही वाढवल्या तरी

शाळेत गणिताचे दोन शिक्षक होते. एकाला पोरं 'झटपट सर' म्हणत आणि दुसरीला 'हँडब्रेक बाई'. दोन्ही नावं पोरांनी ठेवलेली असल्यामुळे अचूक होती.

झटपट सरांचा अभ्यासक्रम दरवर्षी इतक्या लवकर संपायचा की उरलेल्या दिवसांत ते तोच पुन्हा एकदा संपवायचे. बाईंचा संपायचाच नाही. सहावीचं पुस्तक त्या सहावीत सुरू करतात आणि ते पोरांच्या पुढच्या आयुष्यात कुठेतरी आपोआप संपत असावं, असा शिक्षकखोलीचा अंदाज होता.

हेडसर वर्षअखेर निवृत्त होणार होते आणि त्यांच्या खुर्चीवर झटपट सर बसणार हे जवळपास ठरलं होतं. अट एकच: शैक्षणिक नेतृत्वाची पदव्युत्तर पदवी हवी. म्हणून सर शाळा सुटल्यावर विद्यापीठात जाऊन स्वतः बाकावर बसत. तो अख्खा वर्ग भावी मुख्याध्यापकांचा होता आणि त्यातले सगळेजण मागच्या बाकासाठी भांडत. घरी बायको म्हणायची, "नेतृत्व शिकतोयस ना? मग दोरीवरचे कपडे कधीचे तुझ्या आदेशाची वाट बघतायत."

शेवटच्या सत्रात एक प्रात्यक्षिक होतं. आपल्या शाळेतल्या एखाद्या सहकाऱ्याचा तास पूर्ण बघायचा आणि टिपण लिहायचं.

"शिक्षकाकडे बघायचं नाही," प्राध्यापिकाबाई म्हणाल्या. "मुलं काय करतात तेवढंच लिहा. आणि विशेषण एकही नको. 'सुंदर', 'कंटाळवाणं' असलं काही दिसलं तर टिपण परत."

"विशेषणाशिवाय मला माझा लग्नाचा फोटोसुद्धा बघता येत नाही," शेजारचे भूगोलवाले कुजबुजले.

कुणाचा तास बघायचा हे हेडसरांनीच ठरवून टाकलं. "आपल्या हँडब्रेक बाईंचा बघा. पालक रोज येऊन माझ्यासमोर उसासे टाकतात. पुढच्या वर्षी बाईंचे वर्ग काढून त्यांना लायब्ररीत टाकावं म्हणतोय. तुमचं टिपण संस्थेपुढे ठेवतो, म्हणजे काम कसं शास्त्रशुद्ध होईल."

"म्हणजे सर, मान मी कापायची?"

"छे हो! मान त्यांची, सुरी विद्यापीठाची. तुम्ही नुसते मध्ये."

खरं सांगायचं तर झटपट सरांना यात काही वावगं वाटलं नाही. बाई लायब्ररीत सुखी होतील असं त्यांचं प्रामाणिक मत होतं. तिथे कुणाला कुठे पोचायचं नसतं.

तास सुरू झाला तेव्हा सर मागच्या बाकावर बसले. बाक सहावीच्या मापाचा होता, सर नव्हते. त्यांनी आधी एक गुडघा आत घातला, मग दुसरा, आणि दोन्ही गुडघे खालच्या फळीत असे बसले की जणू सुताराने माप घेऊनच ठोकले. दहा मिनिटं बघून मागच्या दाराने सटकायचं, असा सरांचा बेत होता. तो तिथेच बारगळला.

बाईंनी फळ्यावर दोन रेषा काढल्या. एका मुलीने पुस्तकातली व्याख्या वाचली: समांतर रेषा कितीही वाढवल्या तरी एकमेकींना छेदत नाहीत.

झटपट सर ही व्याख्या एका श्वासात सांगत आणि त्याच श्वासात गृहपाठही देत.

बाई म्हणाल्या, "कितीही म्हणजे कुठपर्यंत? आणि छेदत नाहीत हे बघायला कोण गेलं होतं?"

एवढं बोलून त्या टेबलाला टेकून उभ्या राहिल्या.

कुणी काही बोललं नाही. सरांनी लिहिलं: 'मुले काही करत नाहीत.' मग वर बघितलं. एक पोरगा बुटाची नाडी बोटाला गुंडाळत होता. दोघी जणी खिडकीबाहेर बघत होत्या. सरांच्या घशात उत्तर येऊन बसलं आणि दार वाजवायला लागलं. इतका वेळ गप्प! त्यांच्या वर्गात एवढ्या वेळात तीन उदाहरणं झाली असती. बाईंना भोवळ तर आली नाही ना, म्हणून त्यांनी नियम मोडून तिकडे पाहिलं. बाई मजेत होत्या. त्याही विचार करत होत्या.

"कुणी गेलंच नसणार," नाडीवाला शेवटी म्हणाला. "परत कसं येणार?"

वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. "बरोबर. मग पुस्तकात लिहिलं कसं?"

परत तीच शांतता. पण आता ती रिकामी नव्हती. देगचीतलं पाणी उकळायच्या आधी जसं तळाशी बारीक हलायला लागतं, तसं काहीतरी वर्गात हलत होतं. कुणी दोन पेन्सिली समोर धरून एक डोळा मिटत होतं. एक मुलगी बाकाच्या दोन कडांवरून बोटं चालवत पार टोकापर्यंत गेली, आणि बाक संपल्यावर बोटं तशीच हवेत पुढे नेत राहिली.

"इथे जेवढं अंतर आहे तेवढंच पुढे आहे," ती म्हणाली. "त्याच्या पुढेही तेवढंच. कमी व्हायला काही कारणच नाही."

"आणि खूप, खूप पुढे?"

"तिथे तरी काय कारण असणार?"

खिडकीशी बसलेला एक मुलगा, ज्याचा आवाज सरांनी वर्षभरात फक्त बदली तासाच्या हजेरीला ऐकला होता, तो उभा राहिला. न विचारता. कुणाशी बोलतोय याचं त्याला भान नव्हतं.

"म्हणजे आत्ता आपण तिथपर्यंत जाऊन आलो," तो म्हणाला. "इथे बसूनच."

सर टिपण लिहायचं विसरले. आजवर किती तुकड्यांना त्यांनी त्या दोन रेषा दाखवल्या होत्या, आणि एकालाही त्या वाटेने पाऊलभर जाऊ दिलं नव्हतं. इथे तर सगळी सहावी, दप्तरं बाकाखाली ठेवून, जगाच्या शेवटापलीकडे फेरफटका मारून परत आली होती. कुणाचे बूटसुद्धा मळले नव्हते.

घंटा झाली. कुणी उठलं नाही. सर तर उठूच शकत नव्हते. दोन पोरांनी ओढून त्यांना बाकातून सोडवलं.

पुढचा तास त्यांचा स्वतःचा होता. त्यांनी पाचवीला एक प्रश्न घातला आणि बाईंसारखेच टेबलाला टेकून उभे राहिले. मनात ठरवलं, आता तोंड उघडायचं नाही. पहिल्या बाकावरच्या पोरीने डोकं खाजवलं आणि सरांनी उत्तर सांगून टाकलं. थांबायला अंगात बळ लागतं, हे त्यांना तेव्हा कळलं.

जिन्यात बाई भेटल्या. सरांनी विचारलं, "बाई, हे तुम्ही शिकलात कुठे?"

"काय?"

"गप्प राहणं."

"अहो, मला खरंच माहीत नसतं पोरं काय म्हणतील ते," बाई म्हणाल्या. "मग ऐकायला थांबते. तुम्ही नाही थांबत?"

टिपण मात्र काही केल्या जमेना. विशेषणं काढून टाकल्यावर जे उरलं ते हेडसरांनी मोठ्याने वाचलं. "'मुले बोलत नाहीत. एक मुलगा नाडी गुंडाळतो. मुले बोलत नाहीत. एक मुलगी हवेत बोट फिरवते.' वा! वा! याहून कडक कोण लिहिणार? आजच पाठवतो."

"सर, नका पाठवू."

"का? खोटं आहे?"

"अक्षर न् अक्षर खरं आहे. म्हणून तर पंचाईत आहे." झटपट सर आयुष्यात पहिल्यांदा अडखळत बोलत होते. "ते कागदावर येत नाही, सर. तुम्ही येऊन बसा. एक तास. तरीही पाठवावंसं वाटलं तर खाली माझी सही नसेल."

हेडसरांनी चष्मा काढला. "सहीशिवाय टिपण नाही, टिपणाशिवाय पदवी नाही. आणि पदवीशिवाय ही खुर्ची दुसऱ्या कुणाची तरी. कळतंय ना?"

"कळतंय. पण तुम्ही या."

हेडसर आले ते केवळ या माणसाला काय झालंय ते बघायला. ते इतिहासाचे. गणिताशी त्यांचा संबंध दहावीलाच तुटला होता, आणि तो दोघांच्या संमतीने. त्यांच्यासाठी ऑफिसातून खुर्ची आणली. ते हाताची घडी घालून बसले.

बाईंनी फळ्यावर चौकोन काढला, शेजारी पंचकोन, मग षट्कोन. "बाजू वाढवत गेलं की कोपरेही वाढतात. शंभर बाजू, शंभर कोपरे. हजार बाजू, हजार कोपरे. आकार गोल गोल दिसायला लागतो. आणि वर्तुळ झालं की कोपरा एकही नाही." त्यांनी खडू खाली ठेवला. "मग इतके सगळे कोपरे गेले कुठे?"

आणि त्या थांबल्या.

झटपट सर या वेळी मुलांकडे बघत नव्हते. ते हेडसरांकडे बघत होते. आधी हेडसरांनी घड्याळ पाहिलं. मग फळा पाहिला. मग हाताची घडी सुटली. मग एक बोट गुडघ्यावर हळूहळू गोल फिरायला लागलं. आणि त्या शांततेत, ज्या माणसाला बघून शिक्षकसुद्धा वाट बदलत, त्या माणसाचा हात वर गेला.

बाईंनी पाहिलं. "थांबा सर," त्या हळूच म्हणाल्या, "अजून थोडा विचार करा."

हात निमूटपणे खाली आला.

तास संपल्यावर हेडसर व्हरांड्यातून चालत निघाले ते आपल्या ऑफिसचं दार ओलांडून पुढे गेले. झटपट सर मागोमाग.

"गेले कुठे हो ते कोपरे?"

"माहीत नाही, सर." हे वाक्य सरांनी गणिताच्या बाबतीत कधीच उच्चारलं नव्हतं. ते तोंडात विलक्षण गार लागलं.

"हं."

"सर, ते लायब्ररीचं..."

"कसली लायब्ररी?" हेडसर भिंतीपाशी येऊन थांबले, कारण पुढे व्हरांडाच नव्हता. "बाईंचे वर्ग बाईंकडेच. आणि जरा गप्प बसा हो, मी विचार करतोय."