ग्रीकांचे आठवे आकाश

मित्रांनो, बगदादच्या नकलनवीसांच्या बाजारात माझ्याइतकी झिजलेली सुरी तुम्हाला सापडायची नाही. बोरूची टोके छाटायची आणि चामड्याच्या पानावर चुकलेले अक्षर खरडून काढायचे, हे माझे काम. वीस वर्षे मी बक्कार नकलनवीसाच्या हाती होते. त्याची दृष्टी गेली, तेव्हा त्याची लेक हमदूना हिने मला उचलले. "पोरीच्या हातची नक्कल कोण घेणार?" असे शेजारचा सहल तोंडावर म्हणे. मला त्याचा फार राग येई.

तिचा पहिलाच ग्रंथ शेख इद्रीस यांचा होता. विश्वाविषयी कोण काय सांगते, ते त्यात होते. आधी कुराणातली एकावर एक सात आकाशे, खालच्या आकाशातले ताऱ्यांचे दिवे, मेखांसारखे रोवलेले डोंगर. मग प्राचीन बाबिलच्या लोकांची दगडी आकाशे, हिंदचा मेरू आणि शेवटी ग्रीकांची गोल पृथ्वी नि तिच्याभोवतीची त्यांची आकाशे.

मूळ प्रतीशी मोठ्याने ताडून वाचल्याशिवाय आमच्यात नक्कल पुरी होत नाही. एक चूक निघाली, की नव्या हाताला पुन्हा काम मिळणे कठीण. शेख मूळ प्रत घेऊन बसले. हमदूना वाचू लागली. ग्रीकांच्या पानावर ती एकदम थांबली.

"शेखसाहेब, इथं मी चुकले. ग्रीकांची आकाशं आठ. हात सवयीनं सातवर थांबला."

शेखांच्या नजरेतून ते निसटले होते. ते हसले. "राहू दे गं. सात काय वाईट आहे?"

"आपली सात आपल्या पानावर आहेत, त्यांच्यावर माझं ईमान आहे. पण ग्रीकांच्या तोंडी माझं सात कशाला घालू?"

"घ्या! ग्रीकांना वकीलही मिळाली!" शेजारच्या दुकानातून सहल खिदळला.

लेकीजवळ बसलेल्या बक्कारने ते पान बोटांनी चाचपले. तो म्हणाला, "सुरी हलकी धर, पोरी. ते पान पातळ आहे."

तिने मला हलकेच फिरवले. मीही पान फाटू दिले नाही. सात गेले, आठ आले. शेखांनी शेवटच्या पानावर स्वतः लिहिले, 'ताडून पाहिले. लिहिणारी हमदूना, बक्कारची लेक.'

मित्रांनो, दुसऱ्याचे म्हणणे पटले नाही, तरी त्याने सांगितले तसेच राहू द्या. धार आपल्या चुकीवर चालवा. आणि काम झाले, की मला पुसून तेल लावा. अजून पुष्कळ खरडायचे आहे.