खटका निसटला तेव्हा

मित्रांनो, मी एक जुना घडीचा चाकू आहे, आणि आधीच सांगून टाकतो, मी भित्रा आहे. लोक चाकूला घाबरतात हे तुम्हाला ठाऊक असेल. चाकूही घाबरतो, हे मात्र तुम्हाला कुणी सांगितले नसेल.

मला एका कारागिराने हाताने घडवले. पाते कसदार पोलादाचे, मूठ हलक्या टायटॅनियमची. पण त्याचा सगळ्यात जास्त वेळ गेला तो माझ्या खटक्यावर. खटका म्हणजे मुठीतली एक लवचीक पट्टी. पाते उघडले की ती त्याच्यामागे सरकते, ‘टक्’ असा आवाज होतो, आणि मग पाते आपोआप मिटत नाही. "हा निसटला, तर चाकू मालकाचीच बोटं कापतो," कारागीर स्वतःशी पुटपुटला. ते ऐकले आणि भीती माझ्या खटक्यातच बसली. ती अजून तिथेच आहे.

एका बेकरीच्या मालकिणीला तिच्या नवऱ्याने मला भेट दिले. सारी बेकरी या बाईंना वहिनी म्हणायची. मैद्याच्या गोण्यांची शिवण, खोक्यांवरच्या पट्ट्या, यीस्टची पाकिटे, सगळे माझ्याकडेच. काम झाले की वहिनी मला पुसायच्या आणि अ‍ॅप्रनच्या खिशाला अडकवायच्या. गोण्या आणणारा हमाल म्हणायचा, "वहिनी, एवढा भारी चाकू, आणि त्यानं गोण्या फाडता? माझा असता तर मी नुसता बघत बसलो असतो!"

पण रोजच्या वस्तूचे कौतुक किती दिवस टिकणार? हळूहळू मी डब्यांची झाकणे उचकटू लागलो, टेबलावरची वाळलेली कणीक खरवडू लागलो. पुसणे थांबले. धार गेली. मैदा माझ्या सांध्यात शिरला, ओलीने चिकटला आणि वाळून दगड झाला. पट्टी अर्धीच सरकू लागली. ‘टक्’चा ‘थप्’ झाला. मित्रांनो, ती माझी हाक होती. मला दुसरी हाक मारताच येत नाही. यंत्रांच्या घरघरीत ती कुणाला ऐकू गेली नाही. "उद्या तेल घालू," वहिनी म्हणायच्या. कणीक मळणारे यंत्र बंद करायचे लाल बटण अडकायचे, त्यालाही तेच उत्तर होते.

ते यंत्र वहिनींचा धाकटा दीर चालवायचा; वहिनी त्याला भाऊजी म्हणायच्या. एका सकाळी तो कणीक बघायला भांड्यावर वाकला. गळ्यात घाम पुसायचा टॉवेल होता. त्याचे टोक फिरत्या दांड्यात सापडले. एक फेरा, आणि त्याची मान काठापर्यंत खेचली गेली.

"वहिनी!" एवढेच तो ओरडला. मग आवाजच बंद झाला.

वहिनी धावल्या. त्यांनी लाल बटण दाबले. पुन्हा दाबले. यंत्र संथपणे फिरतच राहिले. "मेन बंद करा कुणीतरी! पळा!" त्या बाहेरच्या खोलीकडे बघून किंचाळल्या आणि त्यांनी मला उघडले.

थप्.

माझ्यापुढे भाऊजींची आवळत चाललेली मान होती. माझ्या मिटण्याच्या वाटेवर वहिनींची बोटे होती. पुढे सरकलो तरी भीती, मागे सरकलो तरी भीती. "हलू नका भाऊजी, हलू नका," त्या म्हणत होत्या आणि ताणलेल्या टॉवेलवर मला ओढत होत्या. बोथट पात्याखाली एकेक धागा तुटत होता. दुसऱ्या फेऱ्यासाठी दांडा पुन्हा वर येत होता. "तूट रे मेल्या, तूट!"

टॉवेल तुटला. भाऊजी मागे कोसळले. त्या हिसक्याने माझ्या पात्याची पाठ भांड्याच्या काठावर आपटली आणि खटका निसटला. मी मिटलो. मला थांबायचे होते, मित्रांनो. मला थांबताच आले नाही.

त्यानंतर मी ड्रॉवरच्या अंधारात पडून होतो. बाहेरून भाऊजींचा घोगरा आवाज आला, "वहिनी, तो चाकू टाकून द्या. बघवत नाही."

"तुमच्या गळ्याचा फास त्यानंच कापला ना?"

"आणि तुमचं बोट?"

"ते माझ्या ‘उद्या’नं कापलं," वहिनी म्हणाल्या.

बोटाचे टाके निघाल्यावर त्या मला घेऊन कारागिराकडे गेल्या. त्याने मला सुटे केले, घट्ट झालेला मैदा सुईने काढला, धार लावली आणि सांध्यात एक थेंब तेल सोडले. वहिनींचे ते बोट आता पुरते मिटत नाही. तरी त्या रोज मला पुसतात. उघडल्यावर खटका नीट बसला का, हे पात्याची पाठ टेबलावर दाबून बघतात, आणि मगच कामाला लागतात.

मित्रांनो, मोठ्यांच्या चाकूला तुम्ही हात लावू नका. पण तुमच्या सायकलचा ब्रेक, दाराची कडी, जे जे रोज हाताखाली असते, त्याचा आवाज बदलला तर त्याच दिवशी थांबून बघा. आम्हाला एवढेच बोलता येते.

भाऊजी बरेच दिवस माझ्यापासून चार हात लांब राहिले. काल मात्र गोणीजवळ येऊन म्हणाले, "द्या वहिनी, आज मी कापतो." त्यांनी मला उघडले, कान देऊन ‘टक्’ ऐकले, पाठ दाबून पाहिली. ते मला घाबरत होते, आणि मी माझ्या खटक्याला. दोघांनी मिळून ती शिवण अगदी सावकाश उसवली.