सापडलेला बांगडा

तुम्ही कुमाला चोर ठरवलंत. जेवणघराच्या दारावर, येणाऱ्याजाणाऱ्याच्या नाकासमोर, त्याच्या नावानिशी कागद चिकटवलात: 'अन्नचोरी'. आणि चिकटवून झाल्यावर मोटारीत बसून घरी जेवायला गेलात. तिथे तुमचं ताट झाकून ठेवलेलं असेल. उशीर झाला म्हणून ते कुणी कचऱ्यात ओतलं नसेल.

म्हणून काय झालं ते सगळं लिहितो. तुम्हाला ठाऊक आहे तेही लिहितो, कारण हा कागद तुमच्या कागदाशेजारीच लागणार आहे आणि तो वाचणारे तुम्ही एकटे नसाल.

आमच्या वसतिगृहाच्या जेवणघरात भिंतीवर लाकडी पाट्या टांगलेल्या आहेत, प्रत्येकाच्या नावाची एक. जेवण घेतलं की आपली पाटी उलटी करायची. आठ वाजले की शिमाओ मावशी स्वयंपाकघराच्या खिडकीचं शटर खाली ओढतात आणि ज्यांच्या पाट्या सुलट्याच राहिल्या त्यांची ताटं बाहेरच्या टेबलावर मांडतात. कोण प्रयोगशाळेत अडकलेलं असतं, कोण कामावर, कोण प्रेमात. मग उरलेले भुकेले टेबलाभोवती जमतात, दगड-कागद-कात्री होते आणि जिंकेल तो खातो. आमच्या आधीची पोरं असंच करत आली, त्यांच्या आधीचीही. कुणाचं पोट बिघडलं नाही. ज्याचं ताट गेलं त्यानेही दुसऱ्या दिवशी "काय होतं रे काल?" एवढंच विचारलं.

एप्रिलमध्ये तुम्ही वसतिगृहाचे प्रमुख म्हणून आलात आणि नियम आणलात. आठनंतरचं अन्न कचऱ्यात जाईल, विद्यार्थ्यांनी हात लावू नये, आरोग्यासाठी. कुणाच्या आरोग्यासाठी? तेव्हापासून बाळसं धरलंय ते फक्त कचऱ्याच्या डब्याने.

आता कुमा. पूर्ण नाव कुमागाया. तुम्ही त्याला एकदाच पाहिलंत, तेही तोंड भरलेलं असताना. समुद्रात शिंपल्यांची शेती करणाऱ्या माणसाचा पोरगा. ज्युदो खेळतो, दारातून येताना तिरका होतो. आमचं एक ताट म्हणजे त्याच्यासाठी नुसती चव. घरून निघताना बापाने सांगितलं होतं, "वसतिगृहात दोन वेळचं मिळतंय तोवर शिक. तिथून हाकललं तर खोली शोधत बसू नकोस, सरळ बोटीवर ये." बाप तुमच्यासारखा कागद लावत नाही, पण बोललेलं करतो. म्हणजे या चोरीचा निकाल लावायला शुक्रवारी जी बैठक आहे, तीत तुम्ही कुमाला वसतिगृहातून काढलंत, तर विद्यापीठातूनच काढलंत.

त्या संध्याकाळी आठ वाजून गेले तरी निशिवाकीची पाटी सुलटीच होती. ताटात मिसोच्या रश्शात शिजवलेला बांगडा. मावशी ताट घेऊन डब्याकडे निघाल्या होत्या, पण चालत अशा होत्या की त्यांना पोचायचंच नव्हतं. कुमाने आणि मी हात पुढे केले. त्याचा दगड, माझी कात्री. तो जिंकला. आणि नेमके तुम्ही पाहुणे घेऊन तपासणीला आत आलात. बांगड्याची शेपटी अजून त्याच्या ओठांबाहेर होती.

"हे काय चाललंय?" तुम्ही ओरडलात.

कुमाने खरं तेच सांगितलं, "बांगडा, सर."

दुसऱ्या दिवशी कागद लागला. कुमाने जेवणघरात येणंच बंद केलं. ज्याचा बांगडा, तो निशिवाकी तुमच्या कार्यालयात आला होता, आठवतं? "मी तर रामेन खात होतो सर, एका मुलीबरोबर. माझी काही तक्रार नाही," म्हणाला. तुम्ही त्याला सांगितलंत, तक्रार त्याची नाहीच, नियमाची आहे.

ही गोष्ट नागाए ताईला कळली आणि तिने चॉपस्टिक खाली ठेवल्या. नागाए ताई कायद्याच्या शेवटच्या वर्षाला आहे, वरच्या मजल्यावर राहते आणि जेवताना कुणाशी बोलत नाही. त्या दिवशी बोलली.

"होझुमी," ती मला म्हणाली, "तुझी छत्री हरवली होती ना?"

"हो. परत मिळाली. तोगाशीकाकांकडे जमा होती."

"आणि हातमोजा?"

"तोही. एकच हरवला होता, तोही मिळाला."

"छान," ती म्हणाली. "कुमाला बोलव. आणि निशिवाकीचं ते टेबलावरचं ताट उचल."

तोगाशीकाका म्हणजे वसतिगृहाच्या कार्यालयाची काच. काचेमागे बसतात, सापडलेल्या वस्तू घेतात, चिठ्ठी लावतात, मालक येईपर्यंत जपतात. साऱ्या जपानात हेच चालतं, पण काकांइतकं मनापासून कुणी करत नसेल. एका शर्टाच्या बटणासाठी त्यांनी प्रत्येक मजल्यावर फिरून सगळ्यांच्या छात्या पाहिल्या होत्या. सापडलेली वस्तू नाकारणं त्यांच्या हातून व्हायचं नाही.

कुमाने काचेसमोर ताट ठेवलं.

"काका, हे... सापडलं."

काकांनी चष्मा वर केला. "हे काय आहे?"

"बटाट्याचं कटलेट," नागाए ताई म्हणाली. "जेवणघरात टेबलावर सापडलं. आजूबाजूला मालक दिसला नाही. खाल्लं असतं तर चोरी झाली असती, म्हणून आणून दिलं."

काकांनी ताट फिरवून कटलेट सगळीकडून पाहिलं. मग त्यांनी चिठ्ठी ओढली.

"रंग?"

"सोनेरी."

"काही खूण?"

"एका कडेला करपलंय."

"किती वाजता सापडलं?"

"आठ वाजून गेल्यावर लगेच. शटरचा आवाज अजून कानात होता."

काकांनी चिठ्ठी लावली, ताट कार्यालयाच्या फ्रिजमध्ये ठेवलं आणि कुमाला वाकून म्हणाले, "प्रामाणिकपणाबद्दल आभार."

कुमाचे कान लाल झाले. तुमच्या कागदानंतर त्याला हा शब्द पहिल्यांदाच कुणी लावला होता.

थोड्या वेळाने निशिवाकी धापा टाकत आला. त्याला आम्हीच बोलावलं होतं.

"काका, माझं कटलेट हरवलंय!"

"वर्णन सांगा."

"गोल."

"सगळीच गोल असतात."

"एका कडेला करपलेलं. मावशी माझ्यासाठी मुद्दाम करपवतात. मागे मी त्यांच्या आमटीला खारट म्हणालो होतो ना, तो राग अजून आहे."

काकांनी ताट बाहेर काढलं, सही घेतली. मग घसा खाकरून म्हणाले, "ज्याला सापडलं त्याला मालकाने काही भाग द्यायची रीत आहे. किती, ते तुम्ही ठरवा."

"अर्धं," निशिवाकी म्हणाला. मग म्हणाला, "नाही, सगळंच घे. मी आजही रामेन खाऊन आलोय."

कुमाने ते कटलेट काचेसमोर उभं राहून खाल्लं. काकांनी त्याला टिश्यू दिला.

त्यानंतर वसतिगृहाला वेड लागलं. रोज आठनंतर काचेसमोर रांग. सापडलेला टोफू, सापडलेलं लोणचं, सापडलेलं आमटीचं वाडगं. ते तर दोघांनी धरून आणलं, सांडू नये म्हणून. मालक यायचे, वर्णन सांगायचे, ओळख पटली की बक्षीस द्यायचे. एका पहिल्या वर्षाच्या पोराला स्वतःचा भात ओळखता येईना, तर काकांनी त्याला हाकलून दिलं. मावशी शटरला रेलून हे बघत आणि तोंडाला लावायला पदर नसल्यामुळे हसू टोपीत लपवत.

पण काही मालक फिरकतच नव्हते. त्यांची ताटं फ्रिजमध्ये राहिली. तो फ्रिज तुमच्या पाहुण्यांच्या थंड चहासाठी ठेवलेला होता, हे काकांना माहीत होतं. पण चहा हरवलेला नव्हता, म्हणून तो त्यांनी बाहेर काढून ठेवला.

काल पाहुण्यांसमोर तुम्ही फ्रिज उघडलात. आत आंबवलेल्या सोयाबीनच्या वाट्या होत्या, जुन्या झालेल्या, प्रत्येकीवर चिठ्ठी. एक पाहुणे बाहेर गेले ते परत आलेच नाहीत.

"तोगाशी, हे काय आहे?"

"हरवलेलं सामान, साहेब. मालकांची वाट बघतोय."

आज सकाळी तुमचा नवा कागद लागला. अक्षरं तुमच्याच हातची, रागाने कागद फाटायचा राहिलाय: 'उरलेले जेवण ही हरवलेली वस्तू नाही. आठ वाजल्यानंतर त्याला कोणीही मालक नसतो.'

नागाए ताईने तो मोठ्याने वाचला. मग पुन्हा वाचला. मग जाऊन आणखी भात घेतला, जे ती कधी करत नाही. कुमा दारात उभा होता. तिने त्याला हाताने बोलावलं आणि शेजारची खुर्ची ओढली. तो बसला. भीतभीत, पण बसला आणि जेवला. किती दिवसांनी त्याची पाटी उलटी झाली.

एक गोष्ट तुमच्या कुठल्याच कागदात नाही. कुमा नेहमी दगडच टाकतो. सगळ्या वसतिगृहाला ते ठाऊक आहे. तरी त्याच्यासमोर आम्ही कात्रीच काढतो. ही चोरी असेल तर चोर आम्ही सगळे, आणि तुमचं दार तेवढ्या नावांना पुरायचं नाही.

उद्या शुक्रवार. बैठकीच्या खोलीबाहेर आम्ही सगळे उभे असू. तुमचे दोन्ही कागद आता शेजारीशेजारी आहेत. एक म्हणतो कुमाने चोरलं, दुसरा म्हणतो मालक नव्हताच. कुमाला बोटीवर पाठवण्याआधी एवढंच सांगा: ज्याचा बांगडा त्याने चोरला, त्या माणसाचं नाव काय?