गोदामाच्या दारातलं लगीन

रविवारी आमच्या वळ गावाच्या जुन्या खुणा पाहत हिंडायची फेरी होती. भिवंडीच्या कॉलेजातल्या मुली आल्या होत्या, आणि गावातल्या आम्ही सुना, सोबत सासवा. गोदामांखाली काय गाडलंय ते आम्हा सुनांनाही कुठं माहीत होतं!

वाट दाखवायला शेजारची गोदूकाकी. काकी धवलारीण. पूर्वी आगऱ्यांची लग्नं तीच लावायची, धवले गाऊन. गावाचं बंदर, बांध, खाजण, सगळं त्या गाण्यांत यायचं. पुढे जमिनीचे पैसे आले, बँड आले आणि काकीला बोलावणं बंद झालं. "गावंढळ दिसतं," म्हणे. माझ्या लग्नात ती मांडवात गप्प बसून होती. तिच्यानंतर ते गाणार कोण, एवढंच माझ्या मनाला लागून राहिलं होतं.

एका गोदामाच्या फाटकाशी काकी थांबली. "हितं बंदर व्हतं. नवरीची होरी हितंच लागायची."

"मग गा ना, काकी!" मी म्हटलं.

"येरी झालीस काय गो? लगीन न्हाय तं धवला कसा गाऊ? देव कोपंल."

सासवांमधली मैनाकाकी कॉलेजच्या मुलींकडे वळली. "हाय का गो कोन लग्नाची?"

मुली किंचाळत मागे सरल्या. तेवढ्यात माझ्या लेकीने, ऋतिकाने, बाहुली पुढे केली. "हिचं लावा."

फाटकावरचा रखवालदार हसत आत गेला आणि सुताची कांडी घेऊन आला. "लड़का हमारी तरफ़ से!"

काकीने कांडी फिरवून पाहिली. "बारीक हाय. खातो का न्हाय?"

सकाळी गावदेवीची ओटी भरली होती, ताटात हळद होतीच. काकीने दोघांना हळद लावली, पदर सावरला आणि डोळे मिटले. आवाज आधी चिरकला, मग मोकळा झाला. खाडीतून होडी निघाली, एकेका बांधाचं नाव घेत बंदराला लागली. आधी मैनाकाकीने सूर धरला, मग माझ्या सासूने. धवल्यांना नाकं मुरडण्यात हीच पुढे असायची. तिला तर सगळं पाठ निघालं!

"आता नवरी सासरी ठेवायची," काकी म्हणाली.

ऋतिकाने असं भोकाड पसरलं की रखवालदारच घाबरला.

"बरं बाय, घरजावई करू!"

जावईबापू आता आमच्या फळीवर असतात. ऋतिका रोज दुपारी त्यांचं नव्याने लग्न लावते. लग्न आहे म्हटल्यावर काकीला यावंच लागतं. मी ऋतिकाला मांडीवर घेऊन काकीच्या मागे मागे गाते. चुकले की काकी थांबवते, "पयल्यापासून!" आणि ऋतिका खूश होऊन पुन्हा हळद कालवायला धावते.