नाचून पारखलेली झोळी

मी शिवलेली पोरांची झोळी सासूबाई आधी स्वतःच्या पाठीला बांधतात, आत मक्याच्या पिठाचं पोतं घालतात आणि जुन्या कालिंदुला नाचगाण्यांच्या रेकॉर्डवर मनसोक्त नाचतात. शिवण टिकली तरच झोळी विकायची. पट्ट्यावर मी लाकडी माकडं लावते. ती खुळखुळतात, पोरं त्यांना चावतात, आपटतात, तरी माकडांना काही होत नाही. अख्ख्या माटेरो वस्तीत माझ्या झोळीला नाव आहे, आणि मला त्याचा माज आहे.

त्या शनिवारी लग्न ठरलेल्या चोलाच्या किचन पार्टीला निघायच्या आधी सासूबाईंनी एक नवी झोळी बांधली. मात्र गाणं लावलं ते पार्टीत वाजवणाऱ्या नव्या बँडचं. तेच जुनं गाणं, पण वेग वाढवून पळवलेलं. सासूबाईंची कंबर त्या तालात शिरली आणि पट्टा खांद्यापाशी टर्रकन फाटला. घरभर पीठ.

"मेलं हे गाणं आहे की पिठाची गिरणी?" सासूबाई खोकत म्हणाल्या.

मला हसू आलं नाही. पार्टी केव्हाच सुरू झाली होती. लग्नाआधीचा बायकांचा नाच, आणि निम्म्याजणींची पोरं माझ्याच झोळ्यांत! मी अनवाणीच धावले.

अंगण नुसतं उसळत होतं. "थांबवा!" मी गिटारवाल्यावर ओरडले. त्याला वाटलं मी खूश झालेय. त्याने आणखी जोर केला. नवरीच्या आत्याने मला कोपराने ढकललं.

"ए काबवेच्या आई, अपशकून करू नकोस! नाचायचं नसेल तर जा, चुलीवरची मक्याची न्शिमा ढवळ."

"झोळ्या फाटतील! मी शिवलेल्या!"

स्वतःच्या मालाची खोट स्वतःच्या तोंडाने बोलले, पण ढोलापुढे ऐकतंय कोण?

तेवढ्यात पिठाने पांढऱ्याफटक झालेल्या सासूबाई धापा टाकत आल्या. त्यांनी सरळ माइक हिसकावला आणि गाणं मूळच्या संथ लयीत धरलं. म्हातारीपुढे बँडला झक मारत सावकाश व्हावं लागलं. कंबरा मंदावल्या. मी एकेकीच्या पाठीमागे जाऊन शिवण चाचपू लागले. ही धड होती. हीसुद्धा.

पुढच्या मुसोंडाच्या खांद्यावर पट्टा दोन-चार दोऱ्यांवर लोंबत होता. आत तिचा मुलगा बिनघोर झोपलेला. मी त्याला उचलून छातीशी धरलं आणि पट्टा तुटून झोळी खाली पडली.

मुसोंडा वळली. "अगं, दे ना इकडे! आत्ता कुठे झोपलाय."

"देते," मी म्हणाले. पण माझे हात सुटेनात.