चढावरचा वारा

देवाने माणसाला पाठीला डोळे दिले नाहीत. कान दिले, आणि बाकीचं विश्वासावर सोडलं. मागून येतोय तो आपल्यासारखाच लेकुरवाळा माणूस असेल, एवढ्या भरवशावर जगातले सगळे रस्ते चालू आहेत. तिचा तो भरवसा एका सकाळी चढावर सांडला. पण ते सांगण्याआधी, पन्नाशी हाकेच्या अंतरावर आलेली ही बाई मुळात सायकलवर चढली कशी, ते ऐकायला हवं.

ती एका मोठ्या रुग्णालयाच्या धुलाईघरात कामाला होती. तिथली इस्त्री हातात धरायची नसते. माणसाच्या कमरेएवढा जाड, तापलेला रूळ सारखा फिरत असतो. दोघींनी ओली चादर ताणून त्याच्या तोंडी द्यायची, पलीकडे दोघींनी ती कडकडीत होऊन निघाली की झेलायची. ही तोंडाशी असे. चादर लावताना मनातल्या मनात देवाचं नाव घेई आणि म्हणे, हिच्यावर जो कोण निजेल त्याला आराम पडू दे. कोण निजणार हे तिला कधीच कळत नसे. अशा किती चादरी गेल्या त्याला गणती नाही, आणि उभं राहून राहून तिचे गुडघे बोलायला लागले.

गुडघ्यांचे फोटो काढायला गेली तेव्हा तिथल्या यंत्रावरच्या मुलीशी तिची गट्टी जमली. सगळे त्या मुलीला एक्सरेवालीच म्हणत. तिला दिवस गेले होते, आणि तिची बारीक चाकांची, खाली वळलेल्या हँडलची रेसची सायकल बॉयलरच्या खोलीमागे धूळ खात पडली होती. एक्सरेवाली म्हणाली, चालवा, सायकल गंजणार नाही आणि तुमचे गुडघेही. हिने वय पुढे केलं, वजन पुढे केलं, लोक काय म्हणतील तेही केलं.

"मावशी," एक्सरेवाली म्हणाली, "तुम्हांला मी आतून पाहिलंय. मला सबबी नका सांगू."

रुग्णालयाच्या मागच्या अंगणात ती शिकली. शिकली म्हणजे आधी पडली. बॉयलरवाला खिडकीतून बघून म्हणे की आमच्या अंगणाला एवढे दंडवत कुणी घातले नव्हते. पण एक दिवस सायकल सरळ गेली आणि फाटकाबाहेरच गेली. हळूहळू ती तळ्याकडच्या चढाला लागली. त्या चढावर तिला जे सापडलं ते तिने कुणाला सांगितलं नाही, कारण सांगायला शब्दच नव्हते. पहिल्या वळणापर्यंत छाती फुटायला येई, मांड्या पेटत, आता उतरावं असं वाटे. आणि मग कुठेतरी श्वास आणि पाय एकमेकांचा हात धरत. डोक्यातली भांडी वाजायची थांबत. घर, सासूबाईंचं पथ्य, दूर शिकायला गेलेल्या लेकीची काळजी, सगळं मागे मागे राही आणि पुढे फक्त हातभर रस्ता उरे. इतकी वर्षं देवापुढे बसून जे मन ठिकाणावर आलं नव्हतं ते पेडलवर यायला लागलं. देवाची क्षमा मागूनच तिने हे स्वतःशी कबूल केलं. तो रागावला असेल असं तिला वाटलं नाही.

राग यायचा तर घरात येणार होता. तिचा नवरा परगावच्या बसवर ड्रायव्हर होता, आणि रोज संध्याकाळी रिकाम्या डब्याबरोबर एकतरी सायकलवाला घरी घेऊन येई. म्हणजे त्याची तक्रार. रंगीबेरंगी तंग कपडे घालून रस्त्याने डुलत जाणाऱ्या या लोकांना त्याने पोपट असं नाव ठेवलं होतं. पोपटांना रस्ता म्हणजे पेरूची बाग वाटते, म्हणे. तसा माणूस सोन्यासारखा. कुत्रं आडवं आलं तरी बस थांबवायचा, म्हातारीला दारापर्यंत हात द्यायचा. पण डेपोत एक जुनी रीत होती. नवशिके पोरगे सायकलला कट मारतात, मुरलेला ड्रायव्हर वारा देतो. वारा देणे म्हणजे हॉर्न न वाजवता, वेग न मोडता अगदी अंगालगत निघून जायचं. बस लागत नाही, बसचा वारा लागतो. पोपट फडफडतो, रस्ता सोडतो आणि पुन्हा मध्ये यायचं नाव घेत नाही. कुणी किती सुबक वारा दिला याच्या गप्पा डेपोत चहाबरोबर चालत.

अशा घरात ती काय सांगणार? तिने सांगितलं की धुलाईघरातली पाळी आता तासभर आधी सुरू होते. नवऱ्याची बस गावाच्या दुसऱ्या टोकाला, सपाटीच्या रस्त्यावर असे. म्हणूनच तिने तळ्याचा चढ निवडला होता. वर डोक्याला हेल्मेट, डोळ्यांना काळा चष्मा, नाकातोंडावर रुमाल. सख्ख्या आईने ओळखलं नसतं. तिला ते शहाणपण वाटत होतं.

त्या सकाळी नवऱ्याच्या एका सोबत्याचं मूल तापलं होतं. याने आपणहून त्याची फेरी घेतली. चांगलं काम केलं, आणि त्या चांगल्या कामानेच त्याची बस तळ्याच्या रस्त्याला आली. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या वळणाच्या अलीकडे तिला मागे इंजिन ऐकू आलं. ती कडेच्या पांढऱ्या पट्टीवर होती, आणखी कडेला जायला जागा नव्हती. आता गिअर पडेल, आता आवाज बसेल, म्हणून ती वाट बघत राहिली. आवाज बसला नाही. आधी एका भिंतीने ढकलावं तसं तिला बाहेर ढकललं, आणि लगेच त्याच भिंतीने आत ओढून घेतलं. हँडल हातातून फिरलं. ती खडीत डाव्या अंगावर पडली आणि घसरत नाल्याच्या काठाशी थांबली. बसचा नंबर बघण्याचं भान तिला नव्हतं. तळहातांची सालटी निघाली होती. बराच वेळ ती तशीच बसून होती, आणि तिच्या अंगावरून जणू अजून ती बस जातच होती.

घरी तिने सांगितलं, रुळाला हात लागला. नवरा कळवळला. त्याने स्वतः तिच्या तळहातांना मलम लावलं, फुंकर घातली, धुलाईघराच्या साहेबाचा उद्धार केला, ताट वाढून समोर ठेवलं. तिचा चेहरा उतरलेलाच बघून, हिला जरा हसवावं म्हणून, त्याने गोष्ट काढली.

आज तळ्याच्या रस्त्याला फेरी होती, तो म्हणाला. वळणाजवळ एक पोपट भेटला, चांगला गुटगुटीत. असा वारा दिला की पंख मिटून खडीत. सासूबाई हसता हसता खोकायला लागल्या.

तिच्या तोंडातला घास तोंडातच राहिला. एवढंच विचारलं तिने, की पडला तो, मग उठला का?

"आरशात पडलेला दिसला. उठला असेल की," तो म्हणाला. "पोपट आहे, उडतो."

आणि पाण्याचा पेला त्याने तिच्या ओठांशी धरला, तिला हातात धरवत नव्हता म्हणून.

त्या दिवसापासून तिचं मन थाऱ्यावर राहिलं नाही. सायकल बॉयलरमागे भिंतीला टेकून राहिली, हँडलवरची पट्टी फाटून लोंबत होती. एक्सरेवाली म्हणाली, तक्रार करा, त्या वेळची बस कोणती ते डेपोत लगेच कळेल. ही नको म्हणाली. धुलाईघराच्या बाहेरून बस गेली तरी हातातली चादर वाकडी लागे आणि पलीकडच्या बायका ओरडत. घरी तो शेजारी बसून पेपर वाचायचा, तिच्या हाताची खपली कशी आहे ते बघायचा, आणि तिला वाटायचं, हाच हात. देवाजवळ मागायचं तरी काय? याला शिक्षा कर म्हणावं तर जीभ रेटेना. मला विसर पडू दे म्हणावं तर चढ आठवे, श्वास आणि पाय एक होण्याची ती जागा आठवे, आणि तिथे आता एक बस कायमची उभी असे. सांगितलं तर नवरा मोडेल आणि सायकल बंद होईल. नाही सांगितलं तर सायकल बंद झालेलीच होती.

गोष्ट मात्र घरात चांगली रुजली होती. शेजारीणबाई बसायला आल्या की सासूबाई म्हणत, अरे, तो पोपट सांग. आणि गोष्टीला प्रत्येक वेळी नवी पालवी फुटे. पोपट आधी हिरवा झाला, मग त्याने शिव्या दिल्या. एका संध्याकाळी, शेजारीणबाई चहाला बसल्या असताना, तर त्याने हवेत कोलांटी मारली. शेजारीणबाईंनी हसून डोळ्यांना पदर लावला.

"कोलांटी नव्हती," ती म्हणाली. "डाव्या अंगावर पडले मी."

कुणाला कळलंच नाही. मग तिने दोन्ही तळहात उताणे करून मांडीवर ठेवले. शेजारीणबाई अर्धा चहा टाकून उठल्या, गॅसवर काहीतरी आहे म्हणाल्या.

नवऱ्याने तळहातांकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"रुळाचं होतं ना ते?"

"नाही."

तिने सगळं सांगितलं. पाळीची थाप, एक्सरेवालीची सायकल, रुमाल, चढ. सासूबाई आधी, या वयात हे कसले नाद, म्हणाल्या. मग त्यांना आठवलं असावं की सगळ्यांत जास्त आपणच हसलो होतो. त्या भिंतीकडे तोंड करून बसल्या. तो उठला, बसला, पुन्हा उठला. रागवायचं तर कुणावर, ते त्याला समजेना.

"अगं, सांगायचं नाही का? तू आहेस हे माहीत असतं तर मी..."

"तर काय?"

तो शेजारीणबाईंचा अर्धा कप उचलून मोरीकडे निघाला.

"मी नसते तर चाललं असतं, असंच ना?"

त्या रात्री तो जेवला नाही. दुसऱ्या दिवशी कामावर गेला तो मान खाली घालून, आणि संध्याकाळी आला तो मोकळ्या चेहऱ्याने. डेपोत त्याने सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं. एकजण तर चेष्टा समजून हसला होता. पण मग तोही वरमला. सगळ्यांनी शब्द दिला. वहिनी कुठल्या रंगात असतात तेवढं सांग, म्हणाले, त्या रंगाला डेपोतली एकही बस वारा देणार नाही. त्याने पिशवीतून एक भडक नारिंगी जाकीट काढलं, उलगडलं, तिच्या खांद्याला लावून बघितलं. अर्ध्या कोसावरून दिसेल, म्हणाला. आता खुशाल चालव, मी आड येणार नाही.

तिला भरून आलं. एवढा मोठा माणूस चारचौघांत नाक घासून आला होता, तिच्यासाठी. जाकीट तिने हातात घेतलं. मऊ होतं, मापही नेमकं होतं. आणि तरी तिने ते अंगात घातलं नाही.

"मी हे घातलं," ती म्हणाली, "की रस्त्यावरचे बाकीचे सगळे पोपटच राहतील."

तो भडकला. अख्ख्या जगाचा ठेका घेतलाय का मी, म्हणाला. सोबत्यांना एक गोष्ट पटवायला त्याची लाज निघाली होती, आता ही आणखी काय मागत होती? मरायचंय का तुला, असंही म्हणून गेला, आणि म्हटल्यावर स्वतःच घाबरला. सासूबाई मध्ये पडल्या नाहीत. ती खाली मान घालून ऐकत होती. तोही चुकत नव्हता. त्याला ती हवी होती, जिवंत, धडधाकट. तेवढंच मागणाऱ्या माणसाला अजून किती ताणायचं?

तरी तिने जाकीट घडी घालून त्याच्या मांडीवर ठेवलं.

"रंग सांगू नका त्यांना. सांगा, ती कधी कुठल्या रंगात असते ते मलाही माहीत नाही. कुठल्याही सायकलवर ती असेल."

"ऐकणार नाहीत," तो म्हणाला. "हसतील."

"हसू दे."

 जाकिटाची चेन तो नुसती वरखाली करत राहिला. सकाळी तो निघाला तेव्हा त्याने डेपोत सांगायचं ठरवलंय की नाही ते तिने विचारलं नाही. त्याने आज कुठली फेरी आहे ते सांगितलं नाही.

एक्सरेवालीने हँडलला नवी पट्टी गुंडाळून दिली होती. हिने करडा सदरा घातला, रुमाल मात्र बांधला नाही. पहिल्या वळणापर्यंत छाती फुटायला आली. श्वास आणि पाय एकमेकांना शोधत राहिले, सापडले नाहीत. सगळं लक्ष पाठीशी लागलं होतं.

खडीचा तो पट्टा आला तेव्हाच मागे इंजिन ऐकू आलं. उतरावं, बाजूला उभं राहावं, जाऊ द्यावी गाडी. पाय तर जमिनीला लावायलाच निघाला होता. तोंडात देवाचं नाव आलं आणि पुढे मागणं काही आलंच नाही. तिने पाय परत पेडलवर ठेवला आणि पांढरी पट्टी धरून ठेवली.

बस गेली. हातभर अंतरावरून की चार हात, ते तिला सांगता आलं नसतं. हँडल थरथरलं ते वाऱ्याने की तिच्या हातांनी, तेही नाही. ती पडली नव्हती, एवढं खरं. चढ अजून बराच होता, आणि खाली, मागच्या वळणाच्या पलीकडे, आणखी एक गाडी चढाला लागल्याचा आवाज येत होता.